सहावी मूठ

सोमवार, ६ जानेवारी २०२५. धुळे.

नवी वही, नवी नोकरी, नवं गाव. एक्कावन्नाव्या वर्षी कोणी नव्याने सुरुवात करतो म्हटलं की लोक हसतात. हसू देत. सकाळी सातच्या बसने जळगाव सोडलं, पारोळ्याला चहा घेतला आणि पावणेदहाला धुळ्यात उतरलो. हवेत गारवा, रस्त्याला ऊन. मन इतकं हलकं मला कित्येक वर्षांत आठवत नाही.

केंद्र साक्री रस्त्यावर आहे. पूर्वी सरकीचं गोदाम होतं. आता आत पांढऱ्या फरशा, दोन एसी, जंतुविरहित हवेचा हूड, उलटा सूक्ष्मदर्शक आणि अठ्ठावीस अंशांवर चालणारी उबवण्याची कपाटं. सगळं झकास. फक्त सूक्ष्मदर्शकाचं टेबल हलत होतं. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घालून दहा मिनिटांत ते नीट केलं. तीन महिने कोणाच्या लक्षात आलं नव्हतं म्हणे.

प्रमुख डॉ. नूतन मॅडम. वय छत्तीस, शिक्षण परदेशातलं, बोलणं मात्र साधं. मला 'जीवरामभाऊ' म्हणतात. मुलाखतीत त्यांनी पदवी विचारली होती. मी सांगितलं, बारावी सायन्स, पुढे वडील गेले. मग हात दाखवले. जळगावात केळीच्या टिश्यू कल्चरमध्ये सत्तावीस वर्षं काढली, सुरुवात बाटल्या धुण्यापासून. कोटभर रोपं या हातांखालून गेली आणि एकावरही माझं नाव नाही. इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. ज्यांना पदव्या होत्या त्यांच्या बाटल्यांत बुरशी यायची. माझ्या बाटल्यांत नाही.

इथलं काम असं: एडिस इजिप्ती या डेंग्यूच्या डासाच्या अळ्यांचे तुकडे पोषकद्रवात जगवायचे. त्यातल्या पेशी काही दिवस वाढतात आणि मरतात. लाखात एखादा पुंजका मरत नाही. तो दुप्पट होत राहतो, वर्षानुवर्षं. मग त्यावर डेंग्यूचा विषाणू वाढवून औषधं तपासता येतात. मॅडम त्याला 'सेल लाइन' म्हणतात. मी माझ्यापुरता मराठी शब्द केला: पेशीवंश.

मॅडमनी सगळ्यांसमोर कबूल केलं आहे की वंश टिकला, विसाव्या पिढीपर्यंत गेला, की त्याच्या नावात माझी आद्याक्षरं लागतील. जीवराम झुलाल महाजन. जेजेएम-१. जगात कुठेही कोणी ती कुपी उघडली तरी लेबलावर मी असेन.

खोली कुंदाबाईंच्या माडीवर. नळाला आठ दिवसांनी पाणी. दारात चार पिंपं आहेत. अळ्या आहेतच.

रविवार, १९ जानेवारी

धरणगावला घरी जाऊन आलो. मॅडम म्हणाल्या होत्या की अंडी कुठलीही चालतील, पण उगम नक्की हवा. मग आपल्याच घरचा का नको? न्हाणीमागच्या सिमेंटच्या टाकीत गेल्या रविवारी कागदाच्या चार पट्ट्या लावून ठेवल्या होत्या. पट्टीवर काळी अंडी, मोजून दोनशे बारा.

प्रेमराज नाना, म्हणजे थोरले भाऊ, बघत उभे होते. त्यांना हे सगळे नसते उपद्व्याप वाटतात. झुंबरवहिनी हसल्या. म्हणाल्या, भाऊजी, बाहेरगावचे मच्छर काय कमी पडले? हे तर रोज आमचंच रगत पितात. मी म्हटलं, म्हणूनच नेतो.

संध्याकाळी जळगावला कामिनीकडे. तिची बालवाडी आहे, म्हणून ती धुळ्याला आली नाही. घरात आम्ही दोघंच. मूल नाही. दोष माझ्याकडे. डॉक्टरांचा अहवाल मला पटला नव्हता, म्हणून माझाच नमुना मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. शून्य. दोनदा मोजलं होतं.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अंडी आधी ब्लीचमध्ये, मग अल्कोहोलमध्ये, मग तीन वेळा जंतुविरहित पाण्यात धुतली. फुटल्यावर ताज्या अळ्या दोन पात्यांमध्ये बारीक केल्या. आठ काचेचे फ्लास्क. मॅडम प्लॅस्टिकचे घ्या म्हणत होत्या, मी काचेवर अडून बसलो. प्रत्येक फ्लास्कवर दोन लेबलं, एक अंगावर, एक झाकणावर. आधी लेबल, मग झाकण उघडायचं. सत्तावीस वर्षांत हा क्रम चुकलेला नाही.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी सूक्ष्मदर्शकाशी बोलावलं. तुकडे धडधडत होते. अळी मेली, पण तिच्या हृदयाचा तुकडा द्रवात आपला आपण आवळत होता, सुटत होता. मिनिटाला एकतीस वेळा. मॅडम म्हणाल्या, असं होतं, आठवडे चालतं. भटूलाही दाखवलं. भटू डासांच्या पिंजऱ्यांची देखभाल करतो, पन्नाशीचा, तोंडाने फटकळ. तो पाहून म्हणाला, "भाऊ, हाई त जीव शे हो. काय खेळी ऱ्हायनात तुम्ही!"

रविवार, २७ एप्रिल

आठपैकी सात फ्लास्क मेले. एकाला बुरशी, तीही मॅडमच्या हातून. त्यांनी मान्य केलं, हे लिहून ठेवतो. आठवा उरला. तळाला पेशींची चादर पसरली आहे. आज ती सोडवून दोन फ्लास्कमध्ये हलवली. याला इंग्रजीत पॅसेज म्हणतात. मी पिढी म्हणतो. पिढी पहिली.

गुणसूत्रं मोजली. सहा. डासाला सहाच असतात, माणसाला सेहेचाळीस. म्हणजे वंश शुद्ध.

कामिनीला फोन केला. म्हटलं, आपल्याकडे पहिली पिढी आली. ती म्हणाली, जेवलात का?

गुरुवार, २६ जून

पिढी नववी. दर सात दिवसांनी एक, ठरल्याप्रमाणे. मॅडमनी दिल्लीच्या बैठकीत चित्रं दाखवली. शेवटी आभार मानले ते वित्तपुरवठादारांचे. माझा उल्लेख 'तांत्रिक साहाय्य' एवढाच. विसाव्या पिढीला बोलू.

सोमवार, ४ ऑगस्ट. धरणगाव.

कानबाईसाठी, आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणासाठी, घरी आलो. काल बसवल्या, आज विसर्जन झालं. सगळं यथासांग. पण शनिवारी जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

रोटाचे गहू काढायचे होते. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात, ते जाडंभरडं दळून त्याचे रोट, म्हणजे जाड गोड पोळ्या, करतात. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. झुंबरवहिनी सुपात मुठी टाकत होत्या. नाना, नानांची दोन मुलं, एक नातू, मी. पाच. पाचवी मूठ टाकून त्या थांबल्या आणि सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हना मांगे कोन शे?"

दरवर्षी हेच. दरवर्षी मी हसण्यावारी नेतो. यंदा नाही नेलं. म्हटलं, घ्या सहावी. जेजेएमच्या नावाने. माझा वंश आहे, चौदा पिढ्या झाल्या. तुमच्या मुलांच्या किती झाल्या?

बायका हसल्या. नाना उठून आले. म्हणाले, मूठ ही थट्टा नव्हे. एकदा नाव पडलं की ते घरातलं होतं, पुढच्या वर्षी वगळता येत नाही. आणि ज्याच्या नावाची मूठ, त्याने रोट खाल्ला पाहिजे. वहिनींचा हात सुपावर तसाच राहिला होता. मग त्याही हट्टाला पेटल्या. म्हणाल्या, "आपलंच रगत पेल शेतस ना? मंग आपलाच!" आणि सव्वा मूठ टाकली.

नानांनी रात्रीचं जेवण माझ्याशी न बोलता केलं. सहाव्या वाट्याचा रोट वहिनींनी डब्यात बांधून दिला. म्हणाल्या, खाऊ घाला आता.

बुधवार, ६ ऑगस्ट. धुळे.

पौर्णिमा शनिवारी. डबा कालपासून टेबलावर होता. टाकून द्यायचा नाही, मी खायचा नाही, कारण माझा वाटा मी खाल्ला. एकदा केलं म्हटल्यावर अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.

चिमूटभर रोट कुटून पाण्यात भिजवला, गाळला, मग जंतू अडवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढला. केळीच्या पोषकद्रवात, म्हणजे माध्यमात, आम्ही नारळाचं पाणी घालायचो, हे त्याहून वेगळं नाही. एका फ्लास्कमध्ये अर्धा मिलिलिटर. नोंदवहीत लिहिलं: 'गव्हाचा अर्क, चाचणी'. उरलेला रोट दुधात कुस्करून गच्चीवर चिमण्यांना.

फ्लास्कवर मॅडमना न विचारता नवी लेबलं लावली. जेजेएम-१.

शनिवार, ९ ऑगस्ट

अर्क घातलेला फ्लास्क दोन दिवसांत काठोकाठ. सात दिवसांचं काम दोन दिवसांत. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठेचनात. म्हणाल्या, जीवरामभाऊ, तुम्ही काय केलंत? मी म्हटलं, माध्यमात थोडा बदल. त्यांनी पाठ थोपटली. खरोखर थोपटली.

बाकीचे फ्लास्कही तसेच भरू लागले आहेत. त्यांत मी काही घातलेलं नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

पिढी सतरावी.

आज भटू म्हणाला, "भाऊ, तुमले मच्छर डसतस नही का हो? आमले त बठ्ठा फाडी खातस." खरंच. कुंदाबाईंकडे संध्याकाळी टाळ्या पिटल्यासारखे सगळे अंगावर हात मारत असतात. मी नाही. माझ्या अंगाला डाग नाही. पेशी वाढवणाऱ्याचा मान राखतात, असं म्हणून हसलो.

मग प्रयोग केला, कारण नुसत्या बोलण्यावर माझा विश्वास नाही. उपाशी माद्यांच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घातला. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. साठेक माद्या हातावर बसल्या. एकीनेही सोंड टेकवली नाही. बसल्या. पंख मिटून, घरी बसावं तशा. भटूने हात घातला तर दोन सेकंदांत तुटून पडल्या.

भटू हसायचं विसरला होता.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दोन दिवसांपासून भाकरी घशाखाली उतरत नाही. चहा मात्र गोड लागतो. आज वजन करून साखर-पाणी केलं, दहा टक्के. बरं वाटलं. दुपारी लक्षात आलं की पिंजऱ्यातल्या नरांना कापसाच्या बोळ्यावर आपण हेच देतो, हेच प्रमाण. भटूने पेला पाहिला. म्हणाला, "डसस ती मादी, गोड खास तो नर." आणि लगेच, जाऊ द्या, थट्टा केली.

पिढी एकोणीस.

गुरुवार, २१ ऑगस्ट

पिढी विसावी. मॅडमनी पेढे आणले. सगळ्यांसमोर म्हणाल्या, नाव जेजेएम-१ पक्कं. राष्ट्रीय संग्रहात ठेवायला पाठवू. त्याआधी एक नेहमीची तपासणी, वंश कोणत्या जातीचा याची, आणि हाताळणाऱ्या माणसांच्या गालाच्या आतून घेतलेले कापसाचे फाये. माणसाची पेशी मिसळली नाही ना, हे कळावं म्हणून.

चार नळ्या. जेजेएम-१. नूतन मॅडम. भटू. मी. चारही लेबलं मी लिहिली. आधी लेबल, मग झाकण. अंगावर एक, झाकणावर एक. पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवल्या.

आज मी आनंदात असायला हवं. अंगात कणकण नाही, ताप नाही, उलट. भर दुपारी पायरीवर बसलो तरी ऊन आतपर्यंत पोचत नाही.

सोमवार, २५ ऑगस्ट

काखेत तापमापी धरली. पारा चढला नाही. दुसरी आणली. तीही तशीच. तापमाप्या पस्तिसापासून सुरू होतात, त्यांचा दोष नाही. प्रयोगशाळेतली लांब काचेची घेतली, बर्फात आणि उकळत्या पाण्यात तपासून. जिभेखाली पाच मिनिटं.

३१.४.

पुन्हा. ३१.४.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, सगळं ठीक म्हणाले. माझ्या तापमापीवर हसले. मी त्यांना तिचं प्रमाणपत्र दाखवलं. ते म्हणाले, काका, एकतिसाला माणूस शुद्धीवर नसतो.

हे मला माहीत आहे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

२९.६.

पेशींचा आकार बदलला आहे. डासाच्या पेशी गोल, थोड्या पिठासारख्या. आता लांबट, एकमेकींना टेकून, कातडीसारख्या. मॅडम म्हणतात पिढ्यांनुसार आकार बदलतो. बदलतो. इतका नाही.

बुधवार, ३ सप्टेंबर

पुण्याचा अहवाल आला.

मॅडमनी दार लावून वाचून दाखवला. नूतन मॅडमचा फाया: मनुष्य, स्त्री. भटूचा: मनुष्य, पुरुष. जेजेएम-१: मनुष्य, पुरुष. जीवराम महाजन: एडिस इजिप्ती.

त्या शांतपणे म्हणाल्या, लेबलं बदलली गेली, जीवरामभाऊ. होतं असं. तुमचा फाया वंशाच्या नळीत, वंश तुमच्या नळीत. एक ओळ लिहून सही करा, मी पुण्याला कळवते, दुरुस्ती होते, वंश तुमच्या नावाने संग्रहात जातो. तुमचं काहीच जात नाही.

मी म्हटलं, बदलली नाहीत.

त्या म्हणाल्या, मग दुसरा अर्थ काय?

त्यांचा आवाज वाढला नाही, पण त्या पुढे जे म्हणाल्या ते माझ्या कानात आहे: पदवी असती तर एवढी भीती वाटली नसती चूक कबूल करायची.

गुरुवार, ४ सप्टेंबर

फ्लास्कमधल्या पेशींची स्लाइड केली. गुणसूत्रं मोजली. एप्रिलमध्ये सहा होती.

सेहेचाळीस.

वीस पेशी मोजल्या. विसांतही सेहेचाळीस. अठ्ठावीस अंशाला, या माध्यमात, माणसाची पेशी दोन दिवस जगत नाही. इथे बावीस फ्लास्क भरले आहेत.

माझ्या गालाच्या पेशी एका फ्लास्कमध्ये टाकल्या. डासांच्या माध्यमात. दुपारपर्यंत तळाला चिकटल्या.

नाना म्हणाले होते, मूठ ही थट्टा नव्हे. नाव पडलं की ते घरातलं होतं. मला वाटलं होतं घरात एक वाढेल. पाचाचे सहा होतील. हे झालेलं नाही. पाचच आहेत. फक्त पाचवा आता फ्लास्कमध्ये —

रविवार, ७ सप्टेंबर

कामिनी आली. तिला काहीच सांगितलं नव्हतं, कुंदाबाईंनी फोन केला. कपाळावर हात ठेवला आणि काढून घेतला. म्हणाली, तुमचं अंग थंड नाही हो. गरमही नाही. नुसती हवा लागावी तसं लागतं.

तिला सगळं सांगितलं. हसली नाही, रडली नाही. वही मागितली, वाचली. मग म्हणाली, सही करा. एवढी एक ओळ. जगाला काय वाटायचं ते वाटू द्या, तुमच्या त्या बाटल्या वाचतील. मी म्हटलं, खोटं लिहू? सत्तावीस वर्षांत —

ती उठून उभी राहिली. म्हणाली, सत्तावीस वर्षं मी तुमच्या लेबलांशीच संसार केला. कधी चुकलात असं एकदा तरी म्हणालात का? माझ्या आईला, माझ्या भावाला, मला? तो अहवाल आला तेव्हासुद्धा डॉक्टर चुकले असतील म्हणून तुम्ही स्वतः बघायला गेलात.

मी वही मिटली. बोलायला हवं होतं.

साडेतीनच्या बसने ती गेली.

मंगळवार, ९ सप्टेंबर

२८.१.

नानांना फोन केला. त्यांना म्हटलं, ती सहावी मूठ परत घेता येते का? काही उपाय? त्यांनी विचारलं, कोण बोलतंय? मी नाव सांगितलं. ते म्हणाले, जीवरामचा आवाज मला माहीत आहे. आणि ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही.

बुधवार, १० सप्टेंबर

मॅडमचं पत्र. टाइप केलेलं. वंशाची ओळख अनिश्चित असल्यामुळे केंद्राच्या नियमानुसार तो ठेवता येणार नाही. शनिवारी सकाळी दहापर्यंत कर्मचाऱ्याचं स्पष्टीकरण न मिळाल्यास जेजेएम-१चे सर्व फ्लास्क आणि गोठवलेल्या सहा कुप्या ऑटोक्लेव्हमध्ये नष्ट करण्यात येतील. तोवर मला पेशीकक्षात प्रवेश नाही.

ऑटोक्लेव्ह. वाफेचा मोठा कुकर. एकशे एकवीस अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं. त्यातून काही जिवंत येत नाही.

तिथे बावीस फ्लास्कमध्ये आहे ते काय आहे हे मला माहीत आहे. इथे खुर्चीवर बसून लिहितो आहे ते काय आहे हेही —

गुरुवार, ११ सप्टेंबर

२८.०. बदल नाही. कपाटाच्या अंशाला पोचलं.

सकाळी भिंतीवरच्या डासांना हाकललं नाही. वहीवर बसतात. ओळींच्या मधे. वाचत असल्यासारखे.

सही केली तर वंश जगतो, नाव राहतं, मी — जे काही माझं तिथे आहे ते — राहतं. एका ओळीसाठी. पण ओळ खोटी आहे. उद्या कोणी म्हणेल, महाजन? तोच ना, ज्याने नळ्या बदलल्या. प्रत्येक कुपीबरोबर ती गोष्ट जाईल. जगात कुठेही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मॅडम उद्या जळगावला, बैठकीला. भटूला किल्ली देऊन जातील.

भटू येऊन गेला. दारातच उभा राहिला. म्हणाला, भाऊ, मॅडमनी सांगेल शे, मले करनं पडी. सही करी टाका ना. इतली काय ताठ ऱ्हाई! मी म्हटलं, तू मला शिकवू नको.

तो गेल्यावर हात पाहिले. दोन्ही. नीट पाहिले. नखांच्या कडांना बारीक, चपटे खवले. चाळीसपट भिंगाखाली.

डासाच्या अंगावर असतात ते.

शनिवार, १३ सप्टेंबर

९.२०. सही करतो. ठरलं.

९.४०. 'लेबलं माझ्याकडून बदलली गेली.' नको. 'बदलली गेली असावीत.' असावीत म्हणजे शंका राहते, मॅडम मानणार नाहीत. 'नळ्यांची अदलाबदल झाली.' कोणाकडून? हात नीट धरत नाही.

१०.०५. तीन कागद फाडले. वळण नीट हवं.

१०.३०. लिहिली. 'लेबलं माझ्याकडून बदलली गेली.' सही. निघालो. रिक्षा मिळेना.

११.१२. केंद्र. ऑटोक्लेव्हच्या खोलीबाहेर बाक. भटूने दहा वाजून पन्नास मिनिटांनी चालू केलं. मी आलो नाही म्हणून. त्याने अर्धा तास वाट पाहिली म्हणे, आणि वर वीस मिनिटं. कागद त्याच्यासमोर धरला. त्याला वाचता येतं. वाचला. बटण बंद केलं.

११.१५. काटा एकशे बारावर. पेशी साठ अंशाला मरतात. पण वाफ आधी कडेच्या फ्लास्कना. ते पिशवीत भरतात, मधल्यांपर्यंत उशिरा पोचते. आठ मिनिटं. दहा. मधे चारपाच असतील अजून —

११.१७. उघड म्हटलं. भटू रडतो आहे. दाब असताना झाकण उघडत नाही. वाफ एकदम सोडली तर आतलं द्रव उकळून फ्लास्क फुटतात. हे दोन्ही मीच त्याला शिकवलं. पाटीवर लिहून लावलं आहे, माझ्या अक्षरात.

११.१८. बोटं गेली. दिसतात, पण —

पेन दोन्ही तळव्यांत धरून

११.२०. घाम नाही. आतून. पायांपासून नाही, कडेपासून. सगळ्या कडांपासून मधे

भटू म्हणतो पाणी. साखर म्हटलं

११.२१. भटू फोनवर कामिनीशी बोलतो आहे. तिला सांग मी चुकलो. नाही, ते नको, नुसतं सही केली सांग

अजून एक आहे. मधला. अजून

कागद मांडीवर आहे. वाचतो. लेबलं माझ्याकडून बदलली गेली. खोटं आहे. वही सापडेल त्याने लिहून ठेवावं. माझ्या हातून आजवर एकही लेबल कधी —